जागा गेली मुंबईला, बाई राहिली गावात

विधानसभेच्या निवडणुका आल्या की आपल्या बैठकांमध्ये दोन प्रश्न हमखास निघतात. कुठल्या पक्षानं किती बायकांना तिकिटं दिली? आणि निवडून आलेल्यांपैकी किती जणी कुणाच्या तरी पत्नी, मुली, सुना आहेत? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण तिसरा एक प्रश्न आहे, तो आपण विचारतच नाही. ज्या मतदारसंघातून ही निवडणूक होते, तो मतदारसंघ मुळात कुणी ठरवला? त्याची हद्द अमुक गावाशी का थांबली, तमुक गाव पलीकडे का गेलं? हे काम नकाशे करणाऱ्या अधिकाऱ्यांचं, फार तर पुढाऱ्यांचं, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, हा आपला, स्त्रियांचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात गेल्या वेळी या हद्दी बदलल्या तेव्हा काय झालं, ते पाहिलं तर पुढच्या वेळी गप्प बसणं आपल्याला परवडणार नाही.

आधी थोडी माहिती. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागा १९७८ च्या निवडणुकीपासून तेवढ्याच आहेत. राज्यघटनेचं १७० वं कलम सांगतं, की राज्यातल्या सगळ्या मतदारसंघांची लोकसंख्या, शक्य होईल तितकी, सारखी असावी. लोक एका जागी राहत नाहीत, म्हणून जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना करायची असते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ती बरीच वर्षं थांबली. मग २००२ च्या कायद्यानुसार न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यानं २००१ ची जनगणना धरून नवे मतदारसंघ आखले. ते २००८ मध्ये लागू झाले आणि २००९, २०१४, २०१९ व २०२४ या चारही निवडणुका त्याच नकाशावर झाल्या. राज्याच्या एकूण जागा तेवढ्याच राहिल्या, जिल्ह्याजिल्ह्यांतली वाटणी मात्र बदलली.

हिशेब सरळ होता. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या होती ९ कोटी ६८ लाखांच्या वर. तिला २८८ नं भागलं की एका जागेला साधारण ३ लाख ३६ हजार माणसं येतात. या हिशेबानं रत्नागिरी जिल्ह्याच्या ७ जागांच्या ५ झाल्या, सिंधुदुर्गाच्या ४ च्या ३, साताऱ्याच्या १० च्या ८. ठाणे जिल्ह्याच्या (पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता) १३ च्या २४ झाल्या. मुंबई शहराच्या १७ वरून १० वर आल्या, पण उपनगरांच्या १७ वरून २६ वर गेल्या. मुंबई आणि ठाणे मिळून आधी ४७ जागा होत्या, त्या ६० झाल्या. खेड, संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ला, जावळी ही नावं मतदारसंघांच्या यादीतून निघून गेली.

आता याच २००१ च्या जनगणनेतला दुसरा रकाना वाचू. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११३६ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०७९. ठाण्यात ८५८, मुंबई उपनगरात ८२२ आणि मुंबई शहरात ७७७. म्हणजे जिथे बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या तिथल्या जागा कमी झाल्या, आणि वाढल्या त्या जिथे बायका पुरुषांच्या मानानं फार कमी होत्या तिथे.

हा काही योगायोग नव्हे. कोकणातला पुरुष गिरण्यांच्या काळापासून चाकरमानी होऊन मुंबईला जात आला आहे. जावळी-पाटणचा माणूस माथाडी म्हणून गेला. गिरण्या गेल्या तरी जाणं थांबलं नाही, फक्त परळ-लालबागऐवजी नालासोपारा, दिवा, डोंबिवली झालं. मागे राहिली बाई. भातशेती, गुरं, सासू-सासऱ्यांचं आजारपण, मुलांच्या शाळा आणि मुंबईहून येणाऱ्या पैशांची वाट पाहणं हे सगळं तिनं केलं. जनगणनेत पुरुष मोजला गेला मुंबईत. तो राहतो तिथे मोजणं बरोबरच आहे. पण त्याच्या जाण्यानं जिल्ह्याचा आकडा उतरला, आकडा उतरला म्हणून जागा गेली. पुरुष गेला, त्याच्यामागोमाग आमदारकीची जागा गेली, आणि बाई होती तिथेच राहिली.

मग काय, मुंबईकरांच्या जागा कमी करायच्या? माझं असं अजिबात म्हणणं नाही. प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताचं मोल सारखं, हे तत्त्व बाबासाहेबांनी आपल्याला घटनेतून दिलं. ते सोडून द्यायला सांगणारी मी कोण? मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांतल्या बायकांनाही पाणी, संडास, रेशनसाठी आमदार हवाच आहे. जुनाच नकाशा राहिला असता तर ठाण्यातल्या बाईचं मत कोकणातल्या बाईच्या मतापेक्षा हलकं ठरलं असतं. हद्दी बदलल्यानं चांगलंही घडलं. अनुसूचित जातींच्या राखीव जागा १८ वरून २९ झाल्या, अनुसूचित जमातींच्या २२ वरून २५. बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला १९९० मध्ये. पण तोवरच्या जागा १९७१ च्या मोजणीवर ठरलेल्या असल्यामुळे, ती संख्या राखीव जागांत दिसायला २००८ उजाडलं. हक्क कागदावर आला तरी मतदारसंघाच्या नकाशात उतरायला अठरा वर्षं लागली. हे उदाहरण लक्षात ठेवावं, पुढे उपयोगी पडणार आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. माणसं सारखी वाटली की प्रतिनिधित्व सारखं झालं, असं मानून आपण तिथेच थांबतो. मुंबई उपनगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ४४६ चौरस किलोमीटर आणि आमदार २६. म्हणजे एका आमदाराकडे सरासरी १७ चौरस किलोमीटर. रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटर आणि आमदार ५, म्हणजे एकाकडे १,६०० पेक्षा जास्त. त्यात डोंगर, खाड्या, वाड्या-वाड्यांत विखुरलेली गावं. खेड हा पूर्वी स्वतंत्र मतदारसंघ होता. आता खेड तालुका दापोली आणि गुहागर या दोन मतदारसंघांत वाटला आहे. तहसील एक, पंचायत समिती एक, आमदार दोन. तालुक्यातल्या बायकांनी दारूविरुद्ध एकत्र मोर्चा काढायचा ठरवला तर निवेदन कुणाला द्यायचं, इथपासून सुरुवात.

ग्रामपंचायतीतल्या बायकांची शिबिरं घेत मी या भागात हिंडते. आमदारांना कधी भेटलात, असं विचारलं की बहुतेक जणी सांगतात, व्यासपीठावर पाहिलंय. भेटायला जायचं म्हणजे सकाळची एसटी पकडायची, काम झालं नाही तर दुपारची चुकते, संध्याकाळी गुरं कोण बांधणार? २०२३ मध्ये बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं, तेव्हा जाणं-येणं वाढलं हे खरं. पण वेळ काही निम्मा झाला नाही. मतदारसंघ मोठा झाला की आमदार लांब जातो, आणि जिला घर सोडून अर्धा दिवस मिळत नाही तिच्यापासून तो सगळ्यात लांब जातो. गावातले पुरुष तालुक्याला रोज जातात, टपरीवर बसतात, कार्यकर्त्यांच्या ओळखी ठेवतात. बाईला ही वाट नाही.

शिवाय चाकरमानी गेला म्हणजे पूर्ण गेला, असंही नाही. जनगणनेत तो मुंबईचा, पण पुष्कळांची नावं गावच्या मतदार यादीत तशीच राहतात. निवडणुकीला गाड्या भरून मंडळी गावी येतात, हे कोकणात कुणाला नवीन नाही. कायदा सांगतो, की माणूस नेहमी जिथे राहतो तिथे त्याचं नाव हवं, आणि एकाच ठिकाणी हवं. गावात मालकीचं घर आहे एवढ्यानं कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. प्रत्यक्षात मतदानाच्या आधी मुंबईहून फोन येतो, गावाच्या मुंबई मंडळाची बैठक होते, कुणाला मत द्यायचं ते ठरतं आणि निरोप गावात पोचतो. गावात बारा महिने राहणाऱ्या बाईला त्या बैठकीत कुणी विचारलेलं नसतं. मोजणीच्या वेळी पुरुष मुंबईचा आणि मतदानाच्या वेळी गावचा. बाई दोन्ही वेळा गावचीच, तरी तिचा शब्द मोजला जात नाही.

कुणी म्हणेल, तिथे बायका जास्त आहेत, मग त्यांनी बाईला निवडून आणावं, अडवलंय कुणी? त्यांनी हा हिशेब पाहावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मिळून आठ मतदारसंघ. २००८ नंतरच्या चार निवडणुका. बत्तीस निकाल. त्यात एकही बाई निवडून आली नाही. ज्या दोन जिल्ह्यांत स्त्रिया पुरुषांहून जास्त, त्यांची ही गोष्ट. आणि याच जिल्ह्यांत ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, कारण २०११ पासून महाराष्ट्रात तिथे पन्नास टक्के आरक्षण आहे. बाई सरपंच होऊ शकते, सभापती होऊ शकते, आणि आमदारकीच्या दारात येऊन थांबते.

ती का थांबते, याचं उत्तर निवडणुकीच्या रीतीत आहे. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची मतं वाया. निम्म्याहून जास्त लोकांनी विरोधात मत दिलं असलं तरी चालतं. त्यामुळे पक्ष एकच गोष्ट बघतात, 'निवडून येण्याची क्षमता'. हे शब्द ऐकून ऐकून आपले कान किटले. त्यांचा साधा अर्थ पैसा, गाड्या, पोरं, आणि नात्यागोत्याचं जाळं. अर्ज भरणं तसं अवघड नाही. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना पाच हजार. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. पण २०२२ पासून आपल्यासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादाच ४० लाख रुपये केली गेली. खरा खर्च त्याहून किती असतो, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बचत गटाचं कर्ज फेडणारी बाई हा आकडा ऐकूनच घरी बसते. २०२४ मध्ये राज्यात ४,१३६ उमेदवार उभे होते, त्यात बायका ३६३. निवडून आल्या २१. त्याआधी २०१९ मध्ये २४, २०१४ मध्ये २०, २००९ मध्ये ११. पंधरा वर्षांत एवढीच मजल. १९९४ मध्ये महिला धोरण आणणाऱ्या आपल्या या राज्यात २०२४ ला स्त्री मतदार होत्या सुमारे ४ कोटी ६९ लाख.

म्हणून विधानसभेत आरक्षण हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली, लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखायचं ठरलं. २८८ जागा धरल्या तर ९६. आपण पेढे वाटले. पण त्या कायद्यात अट घातली गेली, की आधी जनगणना होईल, मग तिच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना होईल, आणि त्यानंतर आरक्षण लागू होईल. २०२४ ची निवडणूक म्हणूनच आरक्षणाशिवाय पार पडली. मुदत पंधरा वर्षांची, आणि राखीव जागांची फिरती पुढच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर. इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी वेगळी तरतूद नाही. कोकणात शेतात राबणाऱ्या कुणबी बाईनं मग कुठे जायचं, हा प्रश्न शिल्लकच आहे. थोडक्यात, आपलं आरक्षण मतदारसंघाच्या रेघेला बांधलं गेलं. ज्या कामाकडे आपण कधी पाहिलं नाही, त्याच कामावर आता आपला हक्क अडकला आहे. १९९० ते २००८ ची गोष्ट वर सांगितली, ती यासाठी.

रेघेच्याही आधी येते मोजणी. जून २०२५ च्या अधिसूचनेनं जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरवला, म्हणजे माणसांची मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा महिना. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर असतात. जनगणनेचा नियम असा, की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही त्याला घरी धरत नाहीत, तो सापडेल तिथे मोजतात. आता बघा. ही बाई मुकादमाच्या वहीत स्वतंत्र नाही, नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात. तिची मोजणी होणार ती कुठल्या तरी साखर कारखान्याच्या हद्दीत, पालात. जिथला आमदार तिला ओळखत नाही, आणि जिथे तिचं मत नाही. तिचं मत बीडला, जिथल्या आकड्यात ती धरलेली नाही. कोकणात पुरुष एकीकडे मोजला जातो आणि दुसरीकडे मत देतो, त्यात त्याची ताकद वाढते. ऊसतोड बाईच्या वाट्याला तेच येतं, पण तिची ताकद मात्र दोन्हीकडून जाते. बीडमधल्या या बायकांची गर्भाशयं काढली जातात हा प्रश्न २०१९ मध्ये विधान परिषदेत गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सभागृहात बाई असली की काय होतं, याचं ते एक उदाहरण. पण परिषद वेगळी आणि विधानसभा वेगळी. विधानसभेत मतदारसंघ लागतो.

मग आपण काय मागायचं? २००२ च्या कायद्यात पुनर्रचनेची जी रीत आहे, तीच पुढे नमुना म्हणून वापरली जाईल असं धरून बोलते. आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश, केंद्रीय निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि राज्य निवडणूक आयुक्त असतात. मदतीला राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून घेतात. त्यांना मत नसतं, पण त्यांचं म्हणणं ऐकलं जातं. माझी पहिली मागणी अशी, की या दहांत निम्म्या बायका हव्यात. बायका आहेत कुठे, असं कुणी म्हणू नये. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून सात स्त्रिया लोकसभेवर गेल्या आणि एकवीस विधानसभेवर. पाच जणी त्यांतून नक्की मिळतील.

दुसरं, कायदा सांगतो की हद्द ठरवताना डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय पाहावी. लोकांची सोय म्हणजे कुणाची? मोटारसायकलवाल्याची की एसटीवालीची? जिथून आमदाराच्या कचेरीत जाऊन बाई त्याच दिवशी घरी परत येऊ शकत नाही, तिथे सोय झाली असं म्हणू नये. शक्य तिथे तालुका फोडू नये.

तिसरं, स्त्रियांसाठी राखीव मतदारसंघ कोणते, हे ठरवायचा नियम आधी लिहून जाहीर व्हावा. अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणाचा नियम आहे. स्त्रिया सगळीकडेच निम्म्याच्या आसपास, तेव्हा तो इथे चालणार नाही. नियम नसला की ज्या जागा पक्षांना नकोशा त्या आपल्या पदरात येतील. ग्रामपंचायतीची सोडत जशी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून निघते, तशीच इथे निघावी. त्या सोडतीचे दोष आपल्याला ठाऊक आहेत, पण चिठ्ठी निदान कुणाचा फोन आल्यावर बदलत नाही.

चौथं, आणि हे आपल्याच हातातलं. आयोगाला आपला मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. तिथे जायचं. एकदा अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचं बळ येतं आणि कोर्टात आव्हान देता येत नाही असं कायद्यातच लिहिलं आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, आदेश उघडउघड मनमानी असेल तर दाद मागता येईल, असं म्हटलं खरं. पण तेवढ्या भरवशावर राहू नये. बोलायची वेळ असते ती मसुद्याची. त्या वेळी पुढारी आपापली गावं सांभाळायला धावतात. आपणही धावायला हवं.

तयारी आतापासून करता येईल. आपल्या महिला मंडळांनी, बचत गटांच्या संघांनी आपापल्या मतदारसंघाचा नकाशा मिळवावा, भिंतीवर लावावा. कुठल्या गावाहून आमदाराच्या कचेरीला जायला किती वेळ लागतो, किती गाड्या आहेत, हे लिहून काढावं. जनगणनेत माहेरी परतलेली, टाकलेली, एकटी राहणारी बाई सुटणार नाही, फडावरची सुटणार नाही, हे पाहावं. मतदार यादीत लग्नानंतर माहेरहून नाव गेलं आणि सासरी आलंच नाही अशा किती जणी आहेत, त्यांची यादी करावी. हरकत लिहायला वकील लागत नाही. गावांची नावं, अंतरं आणि कारण एवढं पुरतं. ज्या बाईला रोज कोसभर पाणी आणावं लागतं, तिला अंतर म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नाही. ते तिनं एकदा सुनावणीत उभं राहून सांगायला हवं, आणि तिच्याबरोबर तिथपर्यंत जाणं हे आपलं काम आहे.